आवरायच्या जागा

तो ड्रम वाजवायचा आणि कायम सगळ्यांच्या पुढे पळायचा, म्हणून बँडमध्ये त्याला पुढारी म्हणत. हे नाव मास्तरनं ठेवलेलं. मास्तर म्हणजे गाणारा आणि गिटार वाजवणारा. दिवसा शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे कार्यक्रमातही पुढच्या रांगेत कुणी बडबड केली की गाणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायचा. दुसऱ्या गिटारवर लंबू. लंबूबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो उंच होता आणि वेळेवर येत नसे. आणि बास गिटार वाजवायची ती पुढाऱ्याची सख्खी थोरली बहीण. घरात तो तिला ताई म्हणायचा, म्हणून या दोघांनीही तिला ताई करून टाकलं, मास्तर तिच्याहून वयानं चांगला मोठा असूनसुद्धा.

आता ड्रमवाल्यानं पुढे पळायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं लय धरायची, बाकीच्यांनी तिच्या आधारानं चालायचं. यांच्याकडे सगळाच उलटा कारभार. कडवं संपत आलं आणि ध्रुवपद दिसायला लागलं, की पुढाऱ्याच्या अंगात यायचं. तो सुटायचाच. मग हे तिघं एकमेकांकडे न बघता मागे रेलायचे आणि त्याला आवरून धरायचे. लहानपणी उतारावर ताई त्याच्या सायकलचं कॅरिअर धरून मागे ओढायची, अगदी तसं. तो पुढे ओढतोय, हे मागे ओढताहेत, आणि त्या ओढाताणीत गाणं असं काही पेटायचं की हॉलमधली माणसं खुर्च्यांवर उभी राहायची. तीन अल्बम या एका खोडीवर निघाले. लोक म्हणायचे, काय आग आहे या बँडमध्ये. आग कसली डोंबलाची, चौघांची झोंबाझोंबी होती ती.

पुढारी गेला तो तापानं. साधा ताप म्हणता म्हणता तो मेंदूत शिरला आणि डॉक्टरांनी हात टेकले. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती त्यानं. त्याबद्दल इथे जास्त बोलवत नाही.

घरात मग ताई आणि आई एवढ्याच उरल्या. आई पोस्टातून निवृत्त झालेली. घरामागे, स्वयंपाकघराला लागून, वडिलांच्या गाडीसाठी बांधलेलं गॅरेज होतं. वडील आणि गाडी दोन्ही फार पूर्वीच गेल्यावर ती बँडची खोली झाली. आईनं एवढ्या वर्षांत एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. गर्दीत तिचा जीव घाबरा व्हायचा. तिनं मुलांचं वाजवणं ऐकलं ते सगळं भिंतीतून. पुढाऱ्यानं मोठ्या ड्रमवर पाय मारला की फडताळातले डबे हळूहळू कडेला सरकायचे, आणि आई भाजी परतता परतता एका हातानं ते मागे ढकलायची, तोंडानं त्याच्या नावानं बडबडायची. तो गेल्यावर डबे जागच्या जागी राहायला लागले. बरेच दिवस तिला त्या ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं.

काही महिन्यांनी मास्तर आणि लंबू आले. ठरलेलं काही नव्हतं, हात शिवशिवत होते एवढंच. गॅरेजचं दार उघडतंय म्हटल्यावर आई पर्स घेऊन मावशीकडे निघून गेली. ड्रमवर चादर टाकलेली होती, ती कुणी काढली नाही. मास्तरनं तोंडानं आकडे मोजून सुरुवात केली, हजार वेळा वाजवलेलं जुनंच गाणं. कडवं नीट गेलं. ध्रुवपद आलं आणि गाणं मटकन खाली बसलं. तिघंही सवयीनं मागे रेलले होते, त्याला आवरायला, आणि पुढे ओढणारं तर कुणी नव्हतंच.

थांबून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मास्तरनं मोबाइलवर ठोके लावले, म्हणाला आता याच्याबरोबर चला. ध्रुवपदाशी आल्यावर ते ठोके एकटेच टकटक करत पुढे निघून गेले आणि हे तिघं मागे राहिले. लंबू म्हणाला, माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास येतोय. एरवी याला दोघांनी धू धू धुतला असता, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. ताईला तर ध्रुवपदाच्या तोंडाशी दोन्ही हातांत ओढ जाणवत होती, खरीखुरी, उतारावरच्या सायकलची. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. त्याचा ताप चढला त्या दिवसापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं.

रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला चौथा अल्बम हवा होता. त्यानं एक अनुभवी ड्रमर पाठवला, निम्म्या शहराच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवून आलेला, पक्क्या हाताचा गृहस्थ. स्वतःचे ड्रम घेऊन आला, कोपऱ्यातल्या चादरीकडे बघून न सांगताच दुसऱ्या भिंतीशी मांडले. त्याचं काही चुकत नव्हतं. तो घड्याळासारखा वाजवायचा आणि प्रत्येक ध्रुवपदाला हे तिघं त्याच्या हातून निसटून मागे पडायचे. दोन-तीन दिवस त्यानं सोसलं. मग काड्या पिशवीत घातल्या आणि रागानं नाही, जरा दबकूनच म्हणाला, "मी इथे आहे असं तुम्हाला वाटतच नाही. तुम्ही दुसऱ्याच कुणाबरोबर तरी वाजवताय." त्यानंतर तो परत आला नाही, कंपनीच्या माणसाचे फोनही त्यानं घेतले नाहीत.

तेव्हा ताई म्हणाली, ड्रमशिवाय करू. जसं पडतंय तसं पडू दे, मागे सरतोय तिथे मागेच सरू. मास्तर तयार झाला, कारण खाली ड्रमचा टेकू नसल्यानं त्याला आवाज चढवताच येत नव्हता आणि तो पुटपुटल्यासारखा गायला लागला होता. लंबू तर कशालाही तयार असायचा. रेकॉर्डिंग तिथेच गॅरेजमध्ये झालं. यंत्रं घेऊन आलेला माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता, मध्येच त्यानं ते काढले आणि विचारलं की खोलीत चौथं कोण आहे. कुणी नाही म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं पुन्हा कानाला लावले. जाताना फक्त एवढंच म्हणाला की गाण्यात एक माणूस बसेल एवढी जागा ऐकू येते.

अल्बम बाहेर आला आणि एकच बोंब उठली. निम्मे लोक म्हणाले, बँडनं शेण खाल्लं. एकानं लिहिलं की या अंगाया आहेत, पाळणाघरात लावा. दुसऱ्यानं लिहिलं की बस थांब्यावर ऐकता ऐकता मला डुलकी लागली आणि माझी बस गेली. उरलेले निम्मे म्हणत की आजवर यांनी असं काही केलंच नव्हतं, आम्ही दिवे बंद करून ऐकतो आणि रडतो. रेकॉर्डच्या दुकानात यावरून दोघांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. शहाणी माणसं तर काय, त्यांनी मौनाचा शोध आणि पोकळीचं सौंदर्य असलं काय काय छापलं. रेडिओवर मास्तरला विचारलं, की ही नवी शैली तुम्ही जाणीवपूर्वक निवडली का. मास्तरमधला मास्तर जागा झाला आणि त्यानं शांततेवर असं लांबलचक प्रवचन झोडलं की ताई शेजारी बसून बुटाच्या नाड्यांकडे बघत राहिली. खरं काय ते सांगणार तरी कसं? की आम्ही काही निवडलं नाही, आम्हाला एक माणूस सोडवत नाही?

बाहेरच्यांचं तिला काही वाटलं नसतं. तिला लागलं ते घरचं. अल्बम तिनं आईच्या हातात दिला तेव्हा आईनं वेष्टन उलटसुलट करून बघितलं आणि एकच विचारलं, ड्रम कुणी वाजवलेत. ड्रम नाहीत, ताई म्हणाली. आईनं तो तसाच फ्रीजवर ठेवून दिला, पालथा.

"बाहेरचा कुणी बसवला असतास तर मी एक वेळ समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "तू तर त्याची जागाच बुजवलीस."

त्यानंतर त्यांचं बोलणं दूध संपलंय, लाइटवाला येऊन गेला, एवढ्यावर आलं. ताईला सांगायचं होतं की अगं, तो त्याच्यातच आहे, फक्त त्याचाच आहे हा सगळा अल्बम. पण हे तोंडानं सांगितलं तर वेडेपणाचं वाटतं, आणि आई काही ऐकायला तयार नव्हती. तिला आता जगात दोनच गोष्टी हव्या होत्या. ध्रुवपदाशी लागणारी ती ओढ कधी सुटू नये, आणि एकदा तरी आईला ती कळावी.

कार्यक्रम ठरायला लागले तशी गॅरेजमध्ये तालीम पुन्हा सुरू झाली. एका दुपारी मावशी गावाला गेलेली होती आणि आईला घराबाहेर पडायला ठिकाण नव्हतं. ती स्वयंपाकघरातच राहिली. हे तिघं वाजवत होते. दुसऱ्या ध्रुवपदानंतर ताईनं वर बघितलं तर दारात आई उभी, हाताला कणीक लागलेली. तिघंही थांबले. आई म्हणाली, "थांबू नका." मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. ध्रुवपद आलं, तिघं मागे रेलले, आणि आईनं दाराची चौकट धरली. गाणं संपलं. आत येऊन तिनं ड्रमवरची चादर ओढून काढली, घडी केली, आणि ताईकडे न बघता म्हणाली, "तुम्ही तिघं त्याला धरताय."

ताईला हुंदका आला. मास्तर उगाचच गिटार सुरात लावत बसला आणि लंबू चक्क बाहेर जाऊन उभा राहिला.

तिथून पुढचे दिवस त्या घरात चांगले गेले, हे लिहायला विचित्र वाटतं पण तसं होतं. तालमीला आई खुर्ची घेऊन ड्रमशेजारी बसायची, शेंगा सोलायची, मेथी निवडायची. चादर काढल्यापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. ताईनं बासवर खालचा सूर धरला की लहान ड्रमच्या पोटाखालच्या तारा आपोआप थरथरायच्या, काडी न लावता, बारीक पावलांसारखा आवाज यायचा. मास्तरनं समजावून सांगितलं की हवा हलते, तिनं तारा हलतात, पुस्तकात दिलंय. आईनं मात्र त्या ड्रमवर हात ठेवला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा तिथेच राहू दिला. संध्याकाळी मायलेकी स्वयंपाकघरात अल्बम लावायच्या. ती जागा आली की आई पळीसुद्धा हलवायची नाही, फक्त म्हणायची, "आला बघ." ताई म्हणायची, "हं." एवढंच बोलायच्या, आणि मग मुकाट्यानं जेवायला बसायच्या.

कार्यक्रमांत हाल व्हायचे. लहान लहान हॉल, निम्मी माणसं मध्यंतराला उठून जायची, एकानं तर पैसे परत द्या म्हणून दारात धरणं धरलं. उरलेली पुतळ्यासारखी बसायची. या गावाहून त्या गावाला, तीच गाणी, रोज. कुणी लक्षात घेतलं नाही अशी एक गोष्ट त्यात घडत होती. पुढे ओढणारा कुणी नसताना माणूस किती दिवस मागे रेलून राहणार? पाठ दुखते, आणि सवय आपोआप सुटते. एकदा गाडीत बसता बसता लंबू खूश होऊन म्हणाला, "ताई, आता जमायला लागलंय बरं का. आज आपण कुठंही पडलो नाही." ताई रात्रभर नुसती बोटं चाळवत बसली, ती ओढ आहे की नाही ते बघत, आणि तिला सांगता येईना.

शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच शहरात होता, दुपारचा, मोठ्या हॉलमध्ये. आई म्हणाली, मी येते. गर्दीत बसवणार नाही म्हणून मास्तरनं तिला स्टेजच्या कडेला, पडद्यामागे खुर्ची दिली. ड्रम आणले होते, नुसते मांडून ठेवायला. ते आईनंच आणायला लावले. हॉल गच्च भरलेला, शिव्या द्यायला आलेले आणि रडायला आलेले, दोन्ही.

पहिली काही गाणी बरी गेली. मग ते जुनं गाणं आलं, ज्यावर पूर्वी माणसं खुर्च्यांवर चढायची. मास्तरनं आकडे मोजले. कडवं झालं, ध्रुवपद आलं आणि सरळ, गुळगुळीत निघून गेलं. लोकांना ते ताबडतोब कळलं. कुणीतरी टाळ्या धरल्या, सगळ्या हॉलनं धरल्या, ठेक्यात, ड्रम नव्हते तर लोकांनीच ड्रम वाजवला. कुणीतरी ओरडलं, जुना बँड परत आला. मास्तरचा आवाज किती महिन्यांनी वर चढला, लंबू नाचायला लागला. आणि ताईचे हात रिकामे होते. ओढ नव्हती. मागे काही नव्हतं, पुढेही काही नव्हतं, फक्त गाणं होतं.

दुसऱ्या ध्रुवपदाला तिनं मुद्दाम मागे ओढलं. सगळं बळ लावून ओढलं. ते वाईट वाजलं, बेसूर माणसासारखं उघडं पडलं. लंबूनं दचकून बघितलं, मास्तरचे शब्द एकमेकांत अडकले, टाळ्या विस्कटल्या. तिनं पुन्हा ओढायला बोटं घट्ट केली आणि पडद्याकडे पाहिलं. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. पडक्या भिंतीवर चढलेल्या मुलाला लांबून करतात तसं तिनं हातानं केलं, राहू दे, उतर. ताईनं बोटं सैल सोडली. उरलेलं गाणं ती सरळ वाजवत गेली आणि डोळ्यांतून पाणी खाली तारांवर पडत राहिलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मध्यंतरात ती पडद्यामागे गेली तेव्हा आई दोन्ही हातांत पर्स धरून बसली होती. बाहेर लोक त्यांच्या नावानं ओरडत होते, कंपनीचा माणूस हसत हसत इकडून तिकडे पळत होता.

"आज नव्हता," आई म्हणाली.

"मी धरायला बघत होते, आई."

"दिसलं मला." आईनं तिचा हात ओढून मांडीवर घेतला, बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठले होते, त्यावरून अंगठा फिरवत राहिली. "जन्मला तोसुद्धा दिवस भरायच्या आत. त्याला कधी थांबायचंच नव्हतं. आपण किती दिवस धरून ठेवायचं गं बिचाऱ्याला?"

ताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मोठ्यानं, तो गेला त्या दिवशी रडायचं राहिलं होतं तसं. आई रडली नाही, नुसती थोपटत राहिली. मग मास्तर बोलवायला आला, दोघींना बघून दाराशीच थबकला. आईनं पदरानं ताईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, जा, लोक खोळंबलेत.

ताईनं बास गळ्यात अडकवला आणि ती गेली. राहिलेली सगळी गाणी तिघांनी नीट वाजवली, कुठेही मागे न पडता, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. कार्यक्रम संपल्यावर मायलेकी चालतच निघाल्या. घरी पोचल्यावर आईनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि आतून दार लावून घेतलं. आता आणखी कुणी यायचं राहिलेलं नव्हतं.